भातसेच्या काठचा बेवारस कचरा

मुंबईने 1892 साली तानसेचे पाणी नेले, 1957 मध्ये वैतरणेवरील मोडकसागराचे नेले आणि पुढे आपली जवळजवळ निम्मी तहान भातसा धरणावर सोपविली. परंतु ज्या शहापूर तालुक्यात हे जलाशय आहेत, तेथील आणि शेजारच्या मुरबाडमधील कचऱ्याचे काय होते, याची चौकशी सरकारदरबारी कोणी अगत्याने केल्याचे ऐकिवात नाही.

एके काळी तशी गरजही नव्हती. घरामागच्या उकिरड्यात शेण, राख आणि पालापाचोळा कुजे व मृगापूर्वी तेच खत भातखाचरांत पडे. आज त्याच खताच्या पाटीतून गुटख्याच्या पुड्या आणि दुधाच्या पिशव्यांच्या चिंध्या वेचून काढाव्या लागतात. महामार्गालगतचे ढाबे व माळशेजच्या वाटेने जाणारे हौशी पर्यटक त्यात बाटल्यांची भर घालतात. आणि हा सारा ऐवज न्यावयाचा कोठे, याची तजवीज नसल्यामुळे तो पुष्कळदा गावाबाहेरच्या ओढ्याकाठीच रिता होतो.

1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावच्या स्वच्छतेचे कर्तव्य ग्रामपंचायतीच्या शिरावर ठेविले खरे; पण घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमावलीचा रोख प्रामुख्याने नागरी वस्त्यांकडे राहिला. क्षेपणभूमी नदीपासून 100 मीटर आणि तलाव, वस्ती व पिण्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर असावी, असा दंडक तिने घातला. परंतु ज्या ढिगाऱ्याची कोणत्याही दप्तरी नोंदच नाही, त्याला हा दंडक लावणार कोण?

ही केवळ गावकऱ्यांची अडचण आहे, अशी समजूत मुंबईकरांनी करून घेऊ नये. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीच्या उघड्या पात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत वाहत जाते आणि तेथून ते महानगरासाठी उचलले जाते. तेव्हा ओढ्याकाठी टाकलेली घाण पहिल्या पावसात कोणाच्या दिशेने निघते, हे सांगण्यास पंडिताची आवश्यकता नाही.

1927 पासून मुंबईतील देवनारच्या क्षेपणभूमीवर कचरा साठवीत जाऊन अखेर 2016 मध्ये त्याच्या आगीचा धूर शहराने सोसला; तो प्रयोग या तालुक्यांत नको. ओला कचरा गावातच जिरवावा, सुका कचरा आसपासच्या ग्रामपंचायतींनी मिळून एका शेडमध्ये निवडावा आणि त्यासाठी लागणारी थोडी जमीन महसूल खात्याने नदीपासून दूर मुक्रर करावी. खर्चाचा वाटा मात्र मुंबई महानगरपालिकेने उचलावा. आणि तो मेहरबानी म्हणून न देता पाणीपुरवठ्याच्या हिशेबातील रास्त खर्च म्हणून आपल्या पुढील अर्थसंकल्पात मांडावा.