तीन गाद्यांचा हिशेब

सोलापूरची खरेदी आटोपून आम्ही परत निघालो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करीत रविवार पेठेत पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ झाले. दुकानापाशी गाडी थांबली. मी दार उघडले, एक पाय खाली ठेवला आणि तसाच थांबलो. कंबर सरळ होईना. धाकट्या भावाने हात देऊन उतरवले आणि हसत म्हटले, "दादा, एवढी महागडी गाडी घेतली ती अशी वाकून उतरण्यासाठी का?"

तो थट्टेने बोलला. मला मात्र ते वाक्य लागले. गाडी घेताना आम्ही काय काय पाहिले होते? इंजिन, मायलेज, रंग, डिकीत किती नग मावतील याचा अंदाज. आसनावर बसून पाहिले ते जेमतेम दोन मिनिटे. आपण कापड घेताना पोत बोटांनी तपासतो, ताणून पाहतो, उजेडात धरतो. ज्या आसनावर आयुष्याचे हजारो तास जायचे, ते मात्र 'मऊ आहे' एवढ्यावर पसंत करतो. आणि मऊपणा हा आसनाचा गुण आहेच असे नाही, हे कंबर धरल्यानंतर समजते.

त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनात आले, आपल्या व्यापारी घरांचा संबंध तीन गाद्यांशी आहे. पहिली पेढीची गादी. वडील लोडाला टेकून तिच्यावर बसत. पण गिऱ्हाईक आले की थान काढण्यासाठी उठत, मांडी बदलत, वखारीत जाऊन येत. कंबर त्यांचीही दुखत असे, नाही असे नाही. परंतु एकाच स्थितीत चार तास खिळून बसण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. दुसरी गादी गाडीच्या आसनाची. आज भिवंडी, उद्या इचलकरंजी, परवा सोलापूर, असा आपला धंदा आता चाकांवर चालतो. आणि तिसरी गादी आपल्या दोन मणक्यांच्या मध्ये असते. 'गादी सरकली' हे शब्द कानावर पडेपर्यंत तिची आठवण कोणालाही होत नाही.

या तिसऱ्या गादीचे काम समजून घेण्यासारखे आहे. आपण उभे असताना कमरेच्या भागात पाठीचा कणा किंचित आतल्या बाजूस वळलेला असतो. बसताच ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो आणि तो बाक सपाट होतो. मग मणक्यांमधील गादी पुढच्या बाजूने चेपली जाते आणि मागच्या बाजूस, जिथे मज्जातंतू असतात तिकडे, तिचा दाब वाढतो. स्वीडनमधील गोथेनबर्गचे अस्थिशल्यतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांच्या गादीत सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला. उभे असतानाचा दाब १०० धरला, तर आधाराविना बसल्यावर तो सुमारे १४० आणि बसून पुढे वाकल्यावर सुमारे १८५ होतो, असे त्यांच्या मोजणीतून दिसले. उताणे झोपल्यावर तो २५ पर्यंत उतरतो. पुढील काळातील मोजण्यांत उभे राहणे आणि बसणे यांमधील फरक इतका मोठा आढळला नाही; मात्र पुढे वाकून बसणे कमरेला महाग पडते, याविषयी दुमत नाही. मी तर सोलापूर ते पुणे मोबाइलवर मान घालून, पुढे झुकून ऑर्डरी तपासत आलो होतो.

साध्या खुर्चीपेक्षा गाडीचे आसन अधिक परीक्षा पाहते. खुर्चीवर दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असतात. गाडी चालविणाऱ्याचे पाय सतत कामात असतात. लक्ष्मी रस्त्यावरून स्वारगेटपर्यंत जाताना डावा पाय किती वेळा क्लच दाबतो, ते एकदा मोजून पाहावे. त्यात रस्त्याचे हादरे. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला चार ते सहा या गतीच्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि धावत्या वाहनाचे हादरे बऱ्याच वेळा याच पट्ट्यात मोडतात. नाखेमसन यांचे सहकारी गुन्नार अँडरसन यांनी १९७४ मध्ये मोटारीच्या आसनावरच असे प्रयोग केले. पाठ किंचित मागे कलती ठेवली आणि कमरेच्या पोकळीला आधार दिला, तर गादीवरचा दाब कमी होतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही उपयोगी आहे.

हे सारे मी नंतर वाचले. पहिला धडा मला दिला तो आमच्या गाडीच्या चालकाने, आणि तोही न बोलता. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत राहिलेली पावत्यांची पिशवी घेण्यासाठी मी त्यांच्या बाजूचे दार उघडले. आसनावर सोलापुरी टॉवेलची घट्ट गुंडाळी होती, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेली. टॉवेल आमच्याच दुकानातला, डाग पडल्यामुळे बाजूला काढलेला.

"हे काय?" मी विचारले.

"कमरेमागं ठेवतो, शेठ. सीट खोल गेलीय. दीड वर्ष झालं."

"मग सांगितले का नाही?"

ते थोडे संकोचले. "तक्रार केल्यासारखं वाटतं ना."

माझी कंबर एका रात्रीत साऱ्या घराचा विषय झाली होती. त्यांची दीड वर्ष दुखत होती आणि तिची नोंद कोणत्याच वहीत नव्हती. आठवड्यातून तीन दिवस मी ज्यांच्या शेजारी बसतो, त्यांच्या पाठीमागची ती गुंडाळी मला कधी दिसली नव्हती.

त्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो तेव्हा चालकांनाही बरोबर नेले. बाईंनी आम्हा दोघांना गाडीतच बसवून पाहिले आणि काही गोष्टी सांगितल्या. आपल्या घरोघरी उपयोगी पडतील म्हणून त्या येथे देतो.

१. मागच्या खिशातील पाकीट आधी काढावे. नोटा, कार्डे आणि पावत्यांनी फुगलेल्या पाकिटावर बसले की एक कुल्ला वर उचलला जातो, कणा तिरका होतो आणि पायाकडे जाणारी नस दाबली जाते. अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकांनी १९७० च्या दशकातच अशा रुग्णांची नोंद केली आहे. आपल्या समाजात हे पाकीट अंमळ जाडच असते!

२. कुल्ले आसनाच्या अगदी मागे टेकवून बसावे. पाठीचा भाग काटकोनापेक्षा किंचित मागे, १०० ते ११० अंशांच्या दरम्यान कललेला असावा. आरामखुर्चीसारखे रेलू नये; तसे केले की मान पुढे येते आणि सुरक्षापट्टाही नीट बसत नाही.

३. गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली असावेत. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहावा आणि पाठ आसनापासून सुटू नये. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचले, तर अंतर योग्य समजावे.

४. कमरेचा आधार पट्ट्याच्या उंचीवर, पोकळीत भरेल एवढाच असावा. गाडीत तशी सोय असेल तर ती वापरावी. नसेल तर टॉवेलची गुंडाळी पुरते. ती फार जाड केली तर माणूस पुढे ढकलला जातो.

५. बसताना आधी आसनावर टेकावे आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत. उतरताना याच्या उलट.

यासोबत सावधगिरीची एक सूचना. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅग आसनाच्या कडेतच असतात. त्यांवर जाड कव्हर शिवून घेतले तर त्या वेळेवर उघडण्यास अडथळा होऊ शकतो. फोम बदलणे किंवा कव्हर चढविणे ही कामे अशा गाडीच्या बाबतीत अधिकृत वर्कशॉपच्या सल्ल्यानेच करावीत. आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवरील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थेत वाहनांच्या सुरक्षिततेच्या चाचण्या होतात. परंतु एखादे आसन आपल्या उंचीला आणि आपल्या पाठीला मानवते की नाही, ही चाचणी आपणच करावयाची असते. नवी गाडी घेताना अर्धा तास तरी चालवून पाहावी, आणि जो ती रोज चालविणार आहे त्यालाही बसवून पाहावे.

कितीही उत्तम आसन असले तरी सलग बसण्याला पर्याय नाही असे मानू नये. आपल्या घरांत काळाचे एक सोपे माप आहे. दोन सामायिके होतील एवढा वेळ गेला की गाडी थांबवावी, उतरावे, चार पावले चालावे, हात कमरेवर ठेवून पाठ हलकेच मागे वाकवावी. द्रुतगती मार्गावर मात्र कडेला कोठेही थांबू नये. त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा आहेत. मुक्कामी पोहोचताच डिकीतील नग उचलण्याची घाई तर मुळीच करू नये. बराच वेळ बसल्यानंतर कमरेचे अस्थिबंध सैलावलेले असतात. त्याच क्षणी वाकून ओझे उचलणे हे दुखण्याला आमंत्रण होय. पाच-दहा मिनिटे चालून मग मालाला हात लावावा.

दुखणे सुरू झाल्यावर आठवडाभर अंथरुणावर पडून राहणे हाही उपाय नव्हे. एक-दोन दिवस जपून राहावे आणि मग सोसेल तेवढे चालणे सुरू करावे. साधी कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत उतरते. कमरेचा पट्टा तात्पुरता आधार देतो. खरा आधार पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचा असतो, आणि तो नियमित व्यायामानेच मिळतो. ज्या पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी ब्लँकेटची घडी, पट्टा आणि खुर्ची यांचा आधार घेऊन योगासने शिकविली, त्या गावच्या माणसाने टॉवेलच्या गुंडाळीचा संकोच का धरावा?

काही लक्षणे मात्र घरगुती उपायांची वाट पाहत नाहीत. वेदना गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत उतरत असेल, पायात बधिरता किंवा अशक्तपणा येत असेल, दुखण्यासोबत ताप असेल, वजन कारणाविना घटत असेल, रात्री झोपेतही वेदना थांबत नसेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर डॉक्टरांना विनाविलंब दाखवावे. लघवी किंवा शौचावरील ताबा गेला, अथवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे. तेथे 'उद्या पाहू' म्हणणे परवडत नाही.

आमच्या घरी काय बदलले? चालकांच्या आसनाचा फोम अधिकृत वर्कशॉपमधून बदलून घेतला. त्याचे बिल पाहून मी मनात म्हटले, एका थानाच्या किमतीत जे काम होते, त्यासाठी दीड वर्ष लागले. आम्ही व्यापाऱ्यांकडे बोलणी करीत असतो तेव्हा चालकांनी गाडीतच बसून राहावे हा दंडक मोडला. ते आता आमच्यासोबत आत येतात, बसतात, चहा घेतात, फिरून येतात. परतीच्या वाटेवर भिगवणला थांबणे ठरलेले आहे, उशीर झाला असला तरीही. माझी कंबर दोन महिन्यांत सावरली. सामायिकाला खुर्ची मागण्याची वेळ आली होती, ती टळली.

वाचकहो, दिवाळीला आपण वह्यांचे पूजन करतो आणि देणे कोणाचे राहिले आहे हे आवर्जून पाहतो. या वर्षी एक काम त्याआधीच करावे. आपल्या गाडीच्या पुढच्या उजव्या आसनावर स्वतः दहा मिनिटे बसून पाहावे. तेथे एखादी टॉवेलची गुंडाळी सापडली, तर तेही एक देणेच आहे असे समजावे.