औषध हवे तिथेच पडावे



कपाशीच्या ओळींत तणनाशक मारताना आपण नोझलला हूड लावतो. औषध तणावर पडावे, पिकावर उडू नये, एवढाच त्यातला हेतू. कर्करोगाच्या औषधांची अडचणही अशीच आहे. शिरेतून दिलेले औषध रक्तावाटे अंगभर फिरते. गाठीला त्यातले थोडेच मिळते. उलट्या, केस गळणे, तोंड येणे हा त्रास मात्र सगळ्या शरीराला होतो. म्हणून डॉक्टरांना मात्रा हवी तेवढी वाढवता येत नाही.

यावर एक तोड निघाली. औषध चरबीच्या अतिसूक्ष्म कुप्यांत भरायचे. कुपी केवढी? एका मिलिमीटरवर अशा सुमारे दहा हजार कुप्या ओळीने बसतील! यालाच नॅनो औषध म्हणतात. डॉक्सोरुबिसिन या औषधाच्या अशा कुप्यांना अमेरिकेत १९९५ साली परवानगी मिळाली. पण कुपी नेमकी गाठीतच उघडावी कशी?

इथे आवाज कामाला येतो. सोनोग्राफीत असतो तसाच, कानाला ऐकू न येणारा. भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणले की कागद पेटतो. त्याच रीतीने हा आवाज, कातडीला चीर न देता, बाहेरून गाठीवर एकवटतात आणि तेवढीच जागा कोमट करतात. इंग्लंडात ऑक्सफर्ड येथे यकृतात गाठी असलेल्या १० रोग्यांवर हा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या कुप्या सुमारे ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर तापल्या की औषध सोडणाऱ्या होत्या. १० पैकी ७ जणांच्या गाठीत औषध दुप्पट किंवा त्याहून अधिक झाले. सरासरी वाढ ३.७ पट होती.

मात्र गाठीत औषध जास्त पोचले म्हणजे रोग बरा झाला, असे नव्हे. दहा रोग्यांची चाचणी म्हणजे एका वाफ्यातला प्रयोग. नवे वाण आम्ही अनेक ठिकाणी, अनेक हंगाम पाहिल्याशिवाय तुम्हाला सांगत नाही. इथेही तोच नियम.

तेव्हा एक ध्यानात ठेवा. तपासणीचे सोनोग्राफी यंत्र वेगळे आणि हे यंत्र वेगळे. ‘सोनोग्राफीने गाठ विरघळवतो’ म्हणून कोणी पैसे मागितले, तर त्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. घरात कोणाला गाठ लागली, तर सुगी उरकेपर्यंत थांबू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, आणि आज मिळणारा उपचार वेळेवर घ्या. सुगी पुढल्या वर्षी पुन्हा येते.