लाइन आली की...

वीज परत आल्यावर आपोआप चालू होणारं यंत्र ही कल्पना आपल्या आयटीवाल्यांची, असा कुणाचा समज असेल तर त्याने एकदा मराठवाड्यात चक्कर मारावी. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो. रात्री दोनला लाइन आली की मोटार आपली आपण सुरू. शेतकऱ्याला अंधारात, विंचू-काट्यातून बांधावर जावं लागत नाही.

वालूरला (ता. सेलू, जि. परभणी) मामांच्या दुकानात मी एक छोटा सर्व्हर बसवला. हिशेब आणि उधारी त्याच्यावर. मी पुण्यात, म्हणजे रात्रभराच्या प्रवासावर. मामांचा प्रश्न साधा होता, "लाइन आली की मोटार चालू होते, मग तुझा डबा का नाही होणार?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर वाटतं तेवढं सोपं नाही. वीज परतल्यावर काय करायचं, याचे बायोसमध्ये बहुधा तीन पर्याय असतात: बंद राहा, चालू हो, किंवा आधी होतास तसा हो. तिसरा शहाणपणाचा वाटतो, पण तिथेच गोची आहे. बॅटरी संपत आल्यावर यूपीएसने सांगितलं आणि सर्व्हर नीट शटडाउन झाला, की त्याची 'आधीची अवस्था' म्हणजे बंद! मग लाइन आली तरी साहेब झोपलेलेच. म्हणून सरळ 'चालू हो' निवडावं.

पण तेवढ्यानेही भागत नाही. सर्व्हर बंद झाला आणि यूपीएस बंद पडायच्या आतच लाइन आली, तर मदरबोर्डला वीज गेल्याचं कळतच नाही. मग तो उठणार कशाला? यासाठी शटडाउननंतर यूपीएसने स्वतःच पुरवठा तोडून थोड्या वेळाने पुन्हा द्यायला हवा. 'नट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर यूपीएसला तसा हुकूम देतं, फक्त तो ऐकणारा यूपीएस हवा. याशिवाय 'कीबोर्ड सापडला नाही, एफ-१ दाबा' म्हणून अडून बसणारी मशीन आहेत, आणि सुरू होतानाच पासवर्ड मागणारी एन्क्रिप्टेड डिस्कसुद्धा. दाबणार कोण, मामा?

आता दुसरी बाजू. महावितरण शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून टाकायचं आवाहन वेळोवेळी करत आलं आहे. कारण उघड आहे. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. लाइन येताक्षणी गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या, तर ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि मग सगळेच कोरडे. शिवाय मोटार दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका तो वेगळाच.

मला वाटतं, आपण शिकायचं ते इथे. आपोआप उठणं हा निम्मा भाग. कधी उठायचं नाही, हे ठरवणं उरलेला निम्मा. लाइन पाच मिनिटांत पुन्हा जाणार असेल, तर लगेच उठून डिस्कला दुसरा दणका कशाला द्यायचा? बॅटरी थोडी भरेपर्यंत थांबावं. आधी राउटर, मग डेटाबेस, मग बाकीचे, हा क्रम पाळावा. शंभर दुकानांत शंभर डबे असतील तर प्रत्येकाने मुख्य सर्व्हरला हाक मारण्याआधी थोडा कमी-जास्त वेळ थांबावं, नाहीतर ट्रान्सफॉर्मरचीच गत. आणि जागेवरच्या माणसाने मुद्दाम बंद केलेलं यंत्र बंदच राहिलं पाहिजे. त्यासाठी भिंतीवरचा एक साधा खटका पुरतो, आणि तो मामांना माहीत असला पाहिजे.

हे सगळं बरोबर जमलंय की नाही, हे कागदावर कळत नाही. बॅकअप घ्या, यूपीएसची वायर भिंतीतून ओढा आणि हाताची घडी घालून बसा. नंतर वायर परत लावा, तरीही घडी सोडायची नाही. एकदा बॅटरी पूर्ण संपू देऊन, एकदा शटडाउन चालू असताना मध्येच लाइन देऊन. यातलं काहीच न करता "आमचा सर्व्हर आपोआप उठतो" म्हणणं ही निव्वळ श्रद्धा आहे, आणि तिची परीक्षा होते ती आपण चारशे किलोमीटर लांब असताना.