डाळ तोडू नका, मोजा

क्रिएटिनिन वाढले की घरात पहिला फतवा निघतो : डाळ बंद, अंडी बंद. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात प्रथिने मर्यादित ठेवावीत हे खरे. पण मर्यादा म्हणजे बंदी नव्हे. डायलिसिसवर नसलेल्या रुग्णालाही वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झाल्यावर हीच गरज ६० ते ७२ ग्रॅमपर्यंत जाते, कारण त्यात अमिनो आम्ले वाहून जातात. तरीही जुनेच पथ्य चालू राहते. स्नायू झडतात, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पथ्याच्या कागदावर डॉक्टरांनी ग्रॅम आणि तारीख लिहावी. डायलिसिस सुरू होताच तो कागद बदलावा.