घरीं शिकण्याचा दिवस कसा असावा?

प्राथमिक वर्गांतील मुलांस वर्षांतून एखादा दिवस घरींच राहून शिकावयास सांगण्याची पद्धत हल्लीं कित्येक शाळांतून दिसते. पद्धत चांगली आहे. मूल शाळेंत दिवसाचे पांचसहा तासच असतें. उरलेला सर्व काळ तें घरीं, अंगणांत व शेजारींपाजारीं घालवितें. त्या काळांतहि त्याचें शिक्षण चालूच असतें, ही गोष्ट मुलाच्या, पालकांच्या व शिक्षकांच्या ध्यानांत यावी, हाच अशा दिवसाचा खरा हेतु होय. परंतु हेतु चांगला असून मार्ग चुकला, तर चांगल्या गोष्टीचेंहि वाईट फळ मिळतें. या बाबतींत मार्ग चुकण्याचा संभव फार आहे, म्हणून दोन शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चूक दोन प्रकारांनीं होते. पहिला प्रकार म्हणजे शाळाच उचलून घरांत आणून ठेवणें. छापील कागदांची चळत मुलाच्या हातीं दिली, गाळलेल्या जागा भरावयास सांगितल्या, एकेक शब्द दहा दहा वेळां लिहावयास लाविला, कीं तो घरीं शिकण्याचा दिवस राहिला नाहीं. तो केवळ लांबलेला गृहपाठ झाला. केंद्र सरकारनें सन २०२० मध्यें दप्तराविषयीं जें धोरण ठरविलें, त्यांत दुसरीपर्यंतच्या मुलांस गृहपाठ मुळींच नसावा व तिसरी ते पांचवीच्या मुलांस तो आठवड्यास फार तर दोन तासांचा असावा, असें सांगितलें आहे. आठवड्याचें हें माप एकाच दिवशीं ओलांडण्यांत काय शहाणपण आहे?

दुसरा प्रकार याहून वाईट. तो म्हणजे घरांत नसलेल्या वस्तु घराकडून मागणें. रंगीत पुठ्ठा आणा, चित्रें छापून आणा, मोबाइलवर चलचित्र घेऊन पाठवा, अशा मागण्या होतात. मग रात्रीं उशिरां बाप दुकानें धुंडाळतो, आई पुठ्ठा कापीत बसते, आणि ज्याच्यासाठीं हें सारें चाललें तें मूल झोपीं गेलेलें असतें. दुसऱ्या दिवशीं वर्गांत जें मांडलें जातें, तें मुलाचें काम नव्हे. तें बापाच्या खिशाचें प्रदर्शन होय. आणि ज्याच्या घरीं हें जमत नाहीं, तें मूल त्या दिवशीं काय शिकतें? तें एवढेंच शिकतें कीं, आपल्या घरीं शिकण्यासारखें कांहीं नाहीं. यापरतें खोटें व यापरतें घातक शिक्षण दुसरें नसेल.

म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, अशा दिवशीं शाळेनें मुलाजवळ तेंच मागावें, जें गरिबांतल्या गरिबाच्या घरींहि असतें. सन २०२० च्या मार्चमध्यें करोनाच्या सांथीमुळें शाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रांत पहिली ते चौथीचे वर्ग बहुतेक ठिकाणीं दीड वर्षाहून अधिक काळ भरले नाहींत. त्या काळांत शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आलें. ज्या घरीं एकच मोबाइल होता व तोहि बापाबरोबर सकाळीं कामावर जात होता, त्या घरच्या मुलांस शाळेचें दार दुसऱ्यांदा बंद झालें. वस्तूची अट घातली कीं कांहीं मुलें बाहेर राहणारच, हा त्या दिवसांचा धडा आम्हीं विसरतां कामा नये.

याउलट उदाहरणहि आपल्याच प्रांतांत आहे. सन १९४५ मध्यें ताराबाई मोडक यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षणाचें काम आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. माँटेसरी पद्धतीचीं साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं. पण त्यांनीं हातपाय गाळले नाहींत. शिंपले, खडे, पानें व बिया हींच साधनें केलीं. आदिवासी मुलें शाळेंत येईनात, तेव्हां त्यांनीं शाळाच त्यांच्या वस्तींतील अंगणांत नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या अंगणांतून आला आहे. ज्या अंगणांत शाळा भरूं शकते, त्या घरांत एक दिवसाचें शिक्षण खास होऊं शकेल.

तें कसें व्हावें, याचा एक नमुना आम्ही येथें देतों.

सकाळीं स्वयंपाकघरापासून आरंभ करावा. एक वाटी तांदुळास पाणी किती, पांच माणसांस वाट्या किती, आणि दोन पाहुणे वाढले तर किती, हें मुलानेंच मोजून सांगावें. हेंच पुढें त्रैराशिक म्हणून त्याच्या भेटीस येणार आहे. आदल्या रात्रीं एक वाटी मटकी भिजत घालावी व सकाळीं ती त्याच वाटींत पुन्हां भरून पाहावी. ती वाटींत मावत नाहीं. मग वाढ कोठून आली? भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर किंवा जाळावर धरली म्हणजे कां फुगते? आंतील पाण्याची वाफ होते व तिला बाहेर पडण्यास वाट मिळत नाहीं, हें आईनें लगेच सांगूं नये. आधीं मुलास तर्क करूं द्यावा. मात्र विस्तवाजवळचें काम मोठ्या माणसानेंच करावें.

दुपारीं अंगणांत, गच्चीवर किंवा उन्हाच्या तुकड्यांत एक काठी सरळ उभी करावी. साडेअकरापासून दर दहा मिनिटांनीं तिच्या सावलीच्या टोंकावर खडूनें खूण करावी. सर्वांत आंखूड सावली बारा वाजतां पडेल, असें पुष्कळांस वाटतें. पण मुंबईंत ती सरासरीनें बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनीं पडते. ऋतूप्रमाणें यांत कांहीं मिनिटांचा फरक होतो. याचें कारण, आपलीं घड्याळें साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर चालतात व मुंबई तेथून पश्चिमेस आहे. सूर्यास एक अंश ओलांडण्यास चार मिनिटें लागतात. सन १९०६ मध्यें प्रमाणवेळ आल्यावरहि मुंबईनें आपली जुनी वेळ पुष्कळ वर्षें सोडली नव्हती. 'मग खोटें कोण, घड्याळ कीं सूर्य?' असें मूल विचारील. उत्तर ठाऊक नसेल तर पालकांनीं संकोच करूं नये. 'मला ठाऊक नाहीं, उद्यां बाईंना विचारूं,' हें उत्तरहि मुलास पुष्कळ शिकवितें.

तिसऱ्या प्रहरीं घरांतील किंवा शेजारच्या सर्वांत वडील माणसाजवळ बसावें. एक पायली म्हणजे चार शेर, रुपयाचे सोळा आणे, हें ज्यांच्या बाळपणीं चालत होतें, अशीं माणसें अद्यापि आहेत. सन १९५७ च्या एक एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले. मग चार आण्यांचे पंचवीस पैसे झाले खरे; पण एका आण्याचे किती? सहा द्यावे तर कमी पडतात, सात द्यावे तर जास्त होतात. सव्वासहांचा हा घोळ लोकांनीं व्यवहारांत कसा निभावला असेल, हें चौथींतील मुलानें आजीला विचारावें. जिला अक्षरओळख नाहीं अशी आजीहि पावकी, निमकी व दिडकी घडाघडा म्हणते, हें जेव्हां नातू ऐकतो, तेव्हां आपल्या घरीं विद्या आहे, अशी त्याची खातरी होते. आमच्या मतें त्या दिवसाची सर्वांत मोठी कमाई हीच होय.

रात्रीं जेवणानंतर मुलानें दिवसभराचा वृत्तांत सांगावा व घरच्यांनीं तो हातांतील काम ठेवून ऐकावा. तो मालवणींत सांगो, अहिराणींत सांगो कीं वऱ्हाडींत सांगो. मध्येंच अडवून शब्द सुधारूं नयेत. मग त्यांतल्या पांच ओळी त्यानें स्वतःच्या हातानें लिहाव्या. शाळेनें एवढाच कागद मागावा. आणि दुसऱ्या दिवशीं त्यावर गुण देऊं नयेत, तर प्रत्येक मुलास उभें करून त्याचें म्हणणें सर्वांस ऐकवावें.

यावर कोणी म्हणतील, 'आम्ही दोघेंहि कामावर जातों. हें सारें करावयास वेळ कोठें आहे?' ही अडचण खरी आहे, व ती आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. म्हणून असा दिवस शाळेनें शक्य तर सुटीला लागून द्यावा व पालकांस पंधरा दिवस आधीं कळवावा. वर सांगितलेल्या चारांपैकीं एकच गोष्ट झाली तरी पुरे. भात तर रोजच शिजतो, व रात्रीं ऐकण्यास अर्धा तास लागतो. आणि ज्या मुलाच्या घरीं दिवसभर कोणीच वडील माणूस नसतें, त्याच्यासाठीं शाळेचें दार त्या दिवशीं उघडें असलेंच पाहिजे. कुलूप लावलेल्या खोलींत एकट्या मुलास ठेवून त्यास घरचें शिक्षण म्हणणें ही क्रूर थट्टा होईल.

आतां आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस एक सांगणें. तुमच्यापैकीं पुष्कळांचीं धाकटीं भावंडें प्राथमिक वर्गांत आहेत, आणि कित्येक घरीं त्या दिवशीं शिक्षक होण्याची पाळी तुमच्यावरच येईल. तेव्हां त्यांचें काम तुम्ही करून देऊं नका. काठी त्यांना धरूं द्या, खूण त्यांना करूं द्या, चुकलीं तर पुन्हां मोजूं द्या. तुम्हांस उत्तर येत असेल तरी क्षणभर गप्प राहा. जो धाकट्याच्या प्रश्नापाशीं थांबावयास शिकला, तो त्या दिवशीं धाकट्याहून अधिक शिकला, असें आम्ही समजूं.