शब्दांची कुळकथा : करंडा

कुंकवाचा करंडा आपल्याला नवा नाही. लाकडाचा, पितळेचा वा चांदीचा, मुठीत मावेल एवढा, वर घट्ट बसणारे झाकण. ‘फणी-करंडा’ हा जोडशब्दही आपण ऐकलेला असतो. परंतु या चिमुकल्या डबीच्या नावाने केवढा प्रवास केला आहे, याचा विचार क्वचितच मनात येतो.

संस्कृतात ‘करंड’ म्हणजे मुळात बांबूच्या कामट्यांची टोपली. भर्तृहरीच्या नीतिशतकात एक कथा आहे. करंडात कोंडलेला उपाशी साप निराश होऊन पडलेला असतो. रात्री एक उंदीर करंड कुरतडून आत शिरतो आणि नेमका त्याच्या तोंडी पडतो. तृप्त झालेला साप त्याच भोकातून निसटून जातो. कवीला दैवाचा महिमा सांगावयाचा आहे. आपल्याला मात्र एवढे कळते की, हा करंड उंदराला कुरतडता येण्याजोगा होता. आंब्यांच्या करंडीत तो जुना अर्थ आजही शिल्लक आहे.

पण शब्द टोपलीपाशी थांबला नाही. पेशावरजवळील शाहजी-की-ढेरी येथे १९०८-०९ च्या उत्खननात स्तूपाच्या अवशेषांत तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एक डबी सापडली. तिच्यावरील खरोष्ठी लेखात कनिष्काचे नाव आहे आणि डबीला ‘गंधकरंड’, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा करंड, म्हटले आहे. आत होते ते बुद्धाचे मानले गेलेले अस्थिशेष. जैन आचार्य समंतभद्रांनी श्रावकांच्या आचारधर्मावर ग्रंथ रचला, तोही ‘रत्नकरंडक’ या नावाने ओळखला जातो. कन्नड प्रदेशातील लिंगायत बांधव इष्टलिंग ज्या डबीत ठेवतात ती ‘करडिगे’ही याच कुळातील. साप, सुगंध, अस्थी, उपदेश, इष्टदेवता. जे जपावयाचे वा कोंडावयाचे ते करंडात. क्रीडांगणावरील ‘रणजी करंडक’ तर रिकामाच असतो, तरी त्यासाठी संघ झुंजतात!

या सर्वांत घरातला करंडा सर्वांत लहान. पण त्याच्या झाकणाखाली एक दुःखही होते. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसले जाई आणि काल-परवापर्यंत रोज सकाळी उघडणारा तिचा करंडा कायमचा मिटे. हळदीकुंकवाच्या दिवशी ती आतल्या खोलीत बसून राही. वस्तू तीच, हातही तोच. हक्क मात्र गेलेला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे यांसारख्या विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला. इतर गावांनीही हेच अनुकरण करावे, असे परिपत्रक महाराष्ट्र शासनाने त्याच महिन्यात काढले. ठरावाने रूढी एका दिवसात जात नाही, हे खरे. परंतु मिटलेले झाकण पुन्हा उघडता येते, हे एका गावाने सर्वांसमक्ष म्हटले.

आपल्या घरी कपाटाच्या कोपऱ्यात एखादा जुना करंडा असेल, तर तो हाती घेऊन पाहावा. तो कोणाचा होता आणि कोणत्या दिवशी मिटला, हे वडीलधाऱ्या मंडळींना अवश्य विचारावे. शब्दकोशात न सापडणारा त्याचा अर्थ कदाचित तेथेच कळेल.