टाके घालायच्या आधी एकदा बघा की!

माझ्या मामांना चौदा महिने 'कंबरेची गादी सरकलीय' म्हणून औषधं चालू होती. पट्टा झाला, शेक झाला, पाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन झालं. त्यानंतर पाय उलट जास्तच जड पडले. लघवी तुंबायला लागली तेव्हा प्रोस्टेटवर खापर फुटलं. शेवटी पुण्यात एका न्यूरोसर्जननी तोच जुना एमआरआय उजेडाला धरला आणि मज्जारज्जूच्या मागचे काळे, अळ्यांसारखे ठिपके दाखवले. म्हणाले, हा गादीचा नाही, शिरांचा आजार आहे.

नाव मोठं आहे, ड्युरल फिस्टुला. मज्जारज्जूच्या आवरणात एक धमनी थेट शिरेला जोडली जाते. आपल्याकडच्या माणसाला सांगायचं तर निचऱ्याच्या चरात कुणी मोटारीची पाइप सोडली, तर पाणी बाहेर जायचं सोडून रान चिबडतं. तसा मज्जारज्जू चिबडतो, सुजतो आणि पाय जातात. वर्षाला दहा लाखांत पाच-दहा लोकांनाच होतो, तेही बहुतेक पन्नाशीपुढचे पुरुष. म्हणून पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही. त्यात स्टिरॉइडनं तो बिघडू शकतो, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

जांघेतून नळी घालून पाठीच्या रक्तवाहिन्यांची डीएसए झाली, जागा सापडली, ऑपरेशन ठरलं. खरा मुद्दा इथून पुढं.

पाठ उघडल्यावर समोर फुगलेल्या शिरांचा गुंता असतो, सगळ्या सारख्याच लालभडक. त्यातली एकच बंद करायची. चुकीची बंद केली तर नुकसान, बरोबरची अर्धवट राहिली तर आजार तसाच. मग सर्जनला कळणार कसं? सलाइनमधून इंडोसायनिन ग्रीन नावाचा हिरवा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाला इन्फ्रारेड कॅमेरा असेल तर काही सेकंदांत शिरा पडद्यावर उजळायला लागतात आणि जी सगळ्यात आधी उजळते ती चोर शीर. क्लिप लावल्यावर पुन्हा रंग देऊन बघायचं. मामांच्या वेळी दुसऱ्यांदा बघितलं तर ती शीर अजून आधीच उजळत होती. क्लिप पुरती बसली नव्हती. तिथंच नीट केली. न बघता टाके घातले असते तर?

आणि बिलात ही तपासणी 'ऐच्छिक' म्हणून वेगळी लावलेली! सही करताना मामी विचारत होत्या, "नको म्हटलं तर चालेल का रे?" त्यांना काय दोष द्यायचा?

हा रंग 1950 च्या दशकापासून औषधात आहे. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये तो सूक्ष्मदर्शकातून बघायची पद्धत 2003 च्या सुमारास पुढं आली. म्हणजे चंद्रावरची गोष्ट नाही. मर्यादा आहेत. रंगात आयोडीन असतं, त्यामुळे ॲलर्जी विचारावी लागते. हाडाआड, रक्ताआड दडलेली शीर दिसत नाही. मज्जारज्जूच्या आत खोल गुंता असेल तर टेबलावरच खरी अँजिओग्राफी लागते, आणि रुग्ण पालथा असताना ते करायचं म्हणजे मोठी यंत्रणा आली. ती प्रत्येक जिल्ह्यात द्या असं मी म्हणत नाही. अनुभवी सर्जन साधा फिस्टुला नुसत्या नजरेनं बंद करतात, आणि बहुतेकदा तो बंद होतोही. पण बहुतेकदा!

आपल्याकडं सुपरस्पेशालिटीच्या इमारतींचे फ्लेक्स लागतात, फीत कापली जाते. आत जो सूक्ष्मदर्शक येतो त्याला इन्फ्रारेडची सोय आहे का? डीएसए चालवणारा माणूस आहे, की मशीन कव्हर घालून ठेवलंय? योजनेच्या पॅकेजमध्ये टेबलावरची ही तपासणी धरलीय का, की तीही 'ऐच्छिक'?

मामा आता काठी घेऊन डेअरीपर्यंत जातात. लघवीचा त्रास राहिलाय. ते चौदा महिने काही परत येत नाहीत.

जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना हे तीन प्रश्न लेखी देतोय. सही करायची असेल त्यांनी रविवारी सकाळी वाचनालयात या. आणि घरात कुणाचे पाय हळूहळू जड होत असतील, सोबत लघवीची तक्रार असेल, तर एमआरआय घेऊन आधी न्यूरोच्या डॉक्टरांकडं जा.